झोपेच्या वेषात येणारा मृत्यू

निपाणीच्या पेठेत वाढलेल्या माणसास व्यसन म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. तंबाखूचा वास तेथे हवेतच असतो. पानाचा कस बोटांत चुरडून सांगणारे व्यापारी, सुपात पाने घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया आणि ‘आता सोडतो’ म्हणत आयुष्य काढणारे शौकीन हे सारे तेथील शाळकरी पोर रोज पाहते. झाडाच्या पानात एक द्रव्य असते, ते माणसास धरते आणि मग सोडू म्हणता सुटत नाही, हे त्या भागास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु तंबाखूच्या पानाला एक गुण म्हणावा असा आहे. ते दिसते, त्याला वास असतो, ते चिमटीने मोजता येते. आणि ते माणसाला मारते तेही सावकाश, पंचवीस-तीस वर्षे घेऊन. गेल्या काही वर्षांत जगाच्या चोरट्या बाजारात जी नवी मादक द्रव्ये शिरली आहेत, त्यांना ना पान आहे, ना वास, ना शेत. मारण्यास त्यांना वर्षे लागत नाहीत. काही मिनिटे पुरतात. आणि शेजारी बसलेल्या माणसास वाटते की, याला झोप लागली आहे.

ही द्रव्ये म्हणजे प्रयोगशाळेत बनविलेली कृत्रिम अफू होय. त्यांना ‘सिंथेटिक ओपिऑइड’ असे म्हणतात. ती काय आहेत, शरीरात काय करतात आणि त्यांच्यापासून माणूस कसा वाचविता येतो, हे बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातील प्रत्येक घराने समजून घेण्याची वेळ आली आहे.

अफूशी आपल्या समाजाची ओळख फार जुनी. खसखशीच्या बोंडाला चीर देऊन जो चीक पाझरतो, तो वाळविला म्हणजे अफू होते. वैद्य ती अतिसारावर देत, दुखण्यावर देत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या कित्येक आया आपल्या तान्ह्या मुलास अफूची ‘बाळागोळी’ चारून निजवीत आणि पाळीवर जात. त्यात दुष्टावा नव्हता, नाइलाज होता. मूल रडत नसे, भूक विसरे आणि निजे. मात्रा चुकली तर मात्र ती झोप संपतच नसे. आजच्या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या बाळागोळीत आहे. अफू वेदना शमविते, गुंगी आणते, आणि त्याच हाताने श्वासही मंद करते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्याने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्याचे नाव मॉर्फिन असे पडले. पुढे १८७४ साली लंडनमध्ये मॉर्फिनवर रासायनिक क्रिया करून एक अधिक तीव्र द्रव्य तयार झाले. १८९८ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. त्याचे नाव हेरॉइन. त्याचेच ओबडधोबड, मळकट रूप १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ‘गर्द’ या नावाने पसरले आणि चांगल्या घरची मुले त्यात होरपळली. डॉ. अनिल अवचट यांनी त्याविषयी लिहिले, आणि त्यातूनच १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. मराठी समाजाने या संकटाचे एक पर्व असे पाहिले आहे.

मात्र अफू, मॉर्फिन आणि गर्द या तिन्हींचे मूळ शेतात होते. नव्या पर्वाचे मूळ शेतात नाही. १९३९ मध्ये जर्मनीत पेथिडीन हे पूर्णपणे कृत्रिम वेदनाशामक निघाले, तेव्हाच खसखशीच्या बोंडावाचून अफूचा गुण साधता येतो हे सिद्ध झाले. १९६० साली बेल्जियममधील पॉल यान्सेन यांनी फेंटानिल तयार केले. १९६२ च्या सुमारास जर्मनीत ट्रामाडॉल निघाले आणि त्याच घराण्यातून पुढे टॅपेंटाडॉल आले. ही सारी औषधे आहेत आणि योग्य हातांत ती वरदान आहेत. हृदयावर शस्त्रक्रिया होत असता रोगी शांत पडून राहतो, कर्करोगाचा रुग्ण अखेरच्या महिन्यांत रात्रभर ओरडत नाही, याचे श्रेय या वर्गाला आहे. तेव्हा औषधाचा द्वेष करून चालणार नाही. प्रश्न आहे तो मात्रेचा आणि हाताचा.

ही द्रव्ये शरीरात करतात तरी काय? तालमीतला पैलवान कुस्ती चालू असता बोट मुरगळले तरी थांबत नाही. कुस्ती संपली, अंगावर माती टाकली की मग ठणका लागतो. असे का होते? शरीर स्वतःच एक प्रकारची अफू तयार करीत असते. मेंदूतील व मज्जारज्जूतील पेशींवर काही सूक्ष्म ग्राहक असतात. त्यांना कुलपे म्हटले तर शरीरातील ही नैसर्गिक द्रव्ये किल्ल्या होत. किल्ली बसली की वेदनेचा निरोप अडतो आणि मनास स्वस्थता येते. १९७३ साली या कुलपांचा शोध लागला आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे शरीरातील पहिल्या अशा किल्ल्या हाती लागल्या. अफूची किल्ली योगायोगाने याच कुलपात बसते. फेंटानिलची किल्ली तर इतकी घट्ट बसते आणि मेंदूत इतक्या वेगाने पोचते की, शरीराच्या स्वतःच्या किल्ल्या तिच्यापुढे काहीच नव्हेत.

आता हीच कुलपे जर केवळ वेदनेच्या वाटेवर असती तर चिंता नव्हती. परंतु ती मेंदूच्या देठातही आहेत. आणि तेथे श्वासाचे ठाणे आहे. मनुष्य श्वास घेतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता तो त्याच्याकडून घेतला जातो. झोपेत, बेशुद्धीतही हे ठाणे जागे असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते छातीला हुकूम सोडते आणि श्वास येतो. पाण्याखाली बुडी मारणाऱ्याचा जीव घाबरा होतो तो याच हुकमामुळे. कृत्रिम अफूची मात्रा वाढली की या पहारेकऱ्यालाच गुंगी येते. रक्तात विषारी वायू साठत जातो, पण धोक्याची घंटा वाजत नाही. जीव घाबरा होत नाही. माणूस धडपडत नाही, हाक मारीत नाही. श्वास मिनिटाला पंधराचे दहा होतात, दहाचे सहा होतात, मग मध्येच थांबतात. प्राणवायूवाचून मेंदू चार-पाच मिनिटांत इजा पावू लागतो. इतर विषांनी मरणारा मनुष्य तळमळतो. हा मात्र शांतपणे निजल्यासारखा जातो. या विषाची सर्वांत मोठी क्रूरता ही त्याची शांतताच होय.

दुसरी क्रूरता मापाची. फेंटानिल हे मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट तीव्र आहे. सवय नसलेल्या माणसास त्याचे सुमारे दोन मिलिग्रॅम मरणास पुरेसे ठरू शकतात. दोन मिलिग्रॅम म्हणजे किती? सोनाराच्या तराजूतील सर्वांत लहान माप गुंज. शहाण्णव गुंजांचा तोळा होतो. त्या एका गुंजेचे साठ भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे दोन मिलिग्रॅम! बारीक मिठाचे दहा-पंधरा कण. इस्पितळात भूलतज्ज्ञ अशा द्रव्याचे माप मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, घेतो. त्याच्या हातात शुद्ध औषध असते आणि शेजारी श्वास चालविणारे यंत्र असते. चोरट्या कारखान्यात गोळ्या पाडणाऱ्याजवळ यांतील काय असते? तो पिठासारख्या भुकटीत हे द्रव्य कालवतो. भाकरीच्या पिठात मीठ नीट मळले गेले नाही तर एक घास अळणी लागतो आणि दुसरा तोंडात धरवत नाही. तेथे बिघडते ती केवळ चव. येथे एका गोळीने काहीच होत नाही आणि त्याच पाकिटातील दुसरीने प्राण जातो. ‘काल घेतली होती, काही झाले नाही’ या अनुभवाला म्हणूनच काडीची किंमत नाही.

आणि गोळी जी दिसते तीच असेल याचा तरी भरवसा कोठे आहे? एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतील विख्यात गायक प्रिन्स आपल्या घरी मृतावस्थेत आढळला. त्याच्याजवळच्या गोळ्या एका नेहमीच्या वेदनाशामकासारख्या दिसत होत्या. त्या बनावट होत्या आणि त्यांत फेंटानिल होते. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात फेंटानिल व तत्सम कृत्रिम अफूवर्गीय द्रव्यांमुळे सुमारे ७४,००० माणसे दगावली. हा आकडा एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाच्या लोकसंख्येएवढा आहे.

या दूरदेशीच्या गोष्टीशी बेळगावचा संबंध काय, असे कोणी विचारील. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठिकाण बेळगाव. या परिसरातील शेकडो मुलेमुली शिकून परदेशी जातात. परक्या देशात परीक्षेची रात्र असते, दाढ ठणकत असते, डॉक्टर महाग असतो. आणि खोलीतला सोबती खिशातून एक गोळी काढून देतो. त्याचाही हेतू चांगलाच असतो. त्या मुलामुलींना निरोप देताना आईबापांनी लोणच्याच्या बरणीबरोबर एवढे एक वाक्य बांधून द्यावे: औषधाच्या दुकानातून स्वतः आणल्याखेरीज दुसऱ्याच्या हातची गोळी तोंडात टाकू नये.

फेंटानिलवर जगातील सरकारांनी बंधने घातली. परंतु येथे तिसरी अडचण येते. कायदा एका रेणूचे नाव घेऊन त्यावर बंदी घालतो. रसायन जाणणारा चोर त्या रेणूची एक फांदी छाटतो, दुसरी जोडतो, आणि कायद्याच्या पुस्तकात नसलेला नवा रेणू तयार करतो. पोलिसांनी वर्णन देऊन पकडवॉरंट काढावे आणि आरोपीने मिशी उतरवून त्यांच्याच समोरून जावे, तसा हा प्रकार. मे २०१९ मध्ये चीनने फेंटानिलचे सारे घराणेच एकदम नियंत्रणाखाली आणले. त्याच वर्षापासून ‘नायटाझीन’ नावाचे दुसरे घराणे बाजारात डोके वर काढू लागले. ही द्रव्ये नवी नव्हेत. १९५० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी ती वेदनाशामके म्हणून शोधली होती. परंतु त्यांचा गुण आणि मरण यांतील अंतर इतके थोडे होते की, ती औषध म्हणून कधीच वापरात आली नाहीत. साठ वर्षे ती जुन्या शोधनिबंधांत धूळ खात पडली. त्यांतील काही फेंटानिलहूनही जहाल आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयर्लंडच्या डब्लिन शहरात थोड्या दिवसांत अनेक व्यसनी माणसे एकाएकी बेशुद्ध पडली. हेरॉइन म्हणून त्यांना विकलेल्या भुकटीत नायटाझीन निघाले.

त्यातच एप्रिल २०२२ मध्ये अफगाणिस्तानात खसखशीच्या लागवडीवर बंदी आली आणि पुढील वर्षी तेथील लागवड सुमारे पंच्याण्णव टक्क्यांनी घटली. अफू कमी झाली ही वार्ता वरवर आनंदाची. परंतु गिऱ्हाईक तेवढेच राहिले आणि शेतातला माल आटला, की व्यापारी कारखान्यातल्या मालाकडे वळतो, हे तंबाखूच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसास सांगावयास नको.

भारत या वादळाच्या बाहेर आहे काय? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लक्ष माणसे अफूवर्गीय द्रव्ये वापरीत होती आणि त्यांपैकी सुमारे ७७ लक्षांना उपचारांच्या मदतीची गरज होती. यात औषधी गोळ्या व सिरप यांचा वाटा हेरॉइनच्या फारसा मागे नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये इंदूर येथील एका बेकायदा प्रयोगशाळेत सुमारे नऊ किलो फेंटानिल पकडले गेले. त्याच वर्षाच्या एप्रिलात ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. आणि त्यानंतर त्याच्याच भावंडाच्या, टॅपेंटाडॉलच्या, गैरवापराची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत दिसू लागली. मिशी उतरविण्याचाच हा देशी प्रकार.

सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बी.बी.सी.ने एक वृत्तांत प्रसिद्ध केला. टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल ही दोन द्रव्ये एकत्र केलेल्या गोळ्या एक भारतीय कंपनी तयार करून घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवीत होती, असे त्यात दाखविले होते. ‘टॅफ्रोडॉल’ हे त्यांतील एक नाव. अशा संयुक्त गोळीला जगात कोठेही औषध म्हणून मान्यता नव्हती. एक द्रव्य श्वासाचे ठाणे गुंगवते. दुसरे शरीरात गेल्यावर झोपेच्या औषधात रूपांतरित होते आणि तीच गुंगी दुप्पट करते. मात्रा वाढल्यास झटके येतात, श्वास थांबतो. पश्चिम आफ्रिकेच्या रस्त्यांवर ही गोळी फुटकळ किमतीत मिळत होती आणि तरुण पोरे तीपायी वाया जात होती. वृत्तांत बाहेर पडताच केंद्रीय औषध नियंत्रकांनी या संयोगाचे उत्पादन व निर्यात यांचे परवाने मागे घेण्यास राज्यांना सांगितले. केंद्र व महाराष्ट्र यांच्या अधिकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील कारखान्याची तपासणी करून काम बंद करविले आणि सुमारे १ कोटी ३० लक्ष गोळ्या व कॅप्सूल ताब्यात घेतल्या. घानातील तमाले या गावात एका स्थानिक प्रमुखाने शंभरेक नागरिकांचे दल उभारून अशा गोळ्या रस्त्यावरून हटविण्याचे काम हाती घेतले होते. आपल्या घरच्या कारखान्यातील गोळी परक्याच्या मुलास मारीत असेल, तर तीही आपलीच लाज आहे, हे येथे विसरता येत नाही. आणि जी गोळी समुद्र ओलांडून जाते, तिला कोगनोळीचा नाका ओलांडणे किती अवघड?

सीमाभागाची स्थिती या बाबतीत नाजूक आहे. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीवरून व बेळगावजवळून जातो. चोर्ला घाटाने गोवा जवळ पडतो. राज्याच्या औषध अधिकाऱ्याचा अधिकार सीमेवर संपतो, मोटारीचा संपत नाही. एका बाजूच्या दुकानदाराने नाकारलेली गोळी दुसऱ्या बाजूस मागून पाहणे येथे अर्ध्या तासाचे काम आहे. म्हणून येथील औषध दुकानदाराची जबाबदारी इतरांहून मोठी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी औषधे विकण्यास मनाई आहे. तो नियम पाळणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावीत असेल, पण कोणाचा तरी मुलगा राखीत असतो.

आणि व्यसनाची सुरुवात नेहमी चैनीतूनच होते असेही नाही. दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची कंबर खरीच दुखते. रात्रभर मालमोटार हाकणाऱ्याची पाठ खरीच धरते. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिलेली गोळी बरी वाटते, म्हणून त्याच जुन्या चिठ्ठीवर सहावा दिवस निघतो, मग सहावा महिना. शरीर सरावते. पहिल्या मात्रेने जो आराम मिळे त्यास दुप्पट मात्रा लागते. गोळी चुकली तर अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात मुरडा पडतो, झोप उडते. मग माणूस सुखासाठी गोळी घेत नाही, केवळ हे हाल टाळण्यासाठी घेतो. तिच्यावर दारू किंवा झोपेची गोळी पडली तर धोका कित्येक पटींनी वाढतो. एक गोष्ट तर घरोघर माहीत असली पाहिजे. काही आठवडे व्यसन सुटले की शरीराचा सराव मोडतो. केंद्रातून वा तुरुंगातून परत आलेला माणूस मोहाला बळी पडून जुनीच मात्रा घेतो, आणि एके काळी पचलेली ती मात्रा आता त्याचा जीव घेते. सुटकेनंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत जपण्याचे.

आता एका घराची कल्पना करावी. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मुलगा बाहेरून आला, जेवण नको म्हणाला, आडवा झाला. थोड्या वेळाने तो घोरू लागला. पण ते घोरणे नेहमीचे नाही, घशात पाणी अडल्यासारखी घरघर आहे. आईला शंका येते. वडील म्हणतात, “दमला असेल, झोपू दे.” किंवा त्यांना कारण ठाऊक असते आणि ते म्हणतात, “उतरेल सकाळपर्यंत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायला नको.” सकाळी अंथरुणात थंडगार देह असतो. त्या घरात निर्दय कोणी नव्हते. झोप आणि मरण यांतला फरक कोणी त्यांना सांगितला नव्हता, एवढेच.

तो फरक असा. झोपलेला माणूस मोठ्याने हाक मारली, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोराने चोळले, की चाळवतो. हा चाळवत नाही. त्याच्या डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात. श्वास फार मंद असतो, मध्येच थांबतो. ओठ व नखे निळसर किंवा राखाडी पडतात, अंग गार व चिकट लागते. यांतील सारी लक्षणे जमण्याची वाट पाहावयाची नाही. हाकेला उत्तर नाही आणि श्वास मंद, एवढे पुरे.

अशा वेळी कांदा हुंगविणे, तोंडावर पाणी मारीत बसणे, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे, उभे करून चालविणे हे सारे उपाय निरुपयोगी आणि काही तर घातक आहेत. बेशुद्धाच्या तोंडात घातलेले पाणी फुफ्फुसात जाते. तत्काळ १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून, मान किंचित मागे करून ठेवावे, म्हणजे जीभ वा ओकारी घशात अडकणार नाही. श्वास थांबत असेल तर नाक चिमटीत धरून दर पाच-सहा सेकंदांनी तोंडाने श्वास द्यावा. नाडीही लागत नसेल तर छाती दाबण्याचा उपाय सुरू करावा. त्याने घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे आणि डॉक्टरांना खरे सांगावे. कारण या विषाला उतारा आहे. नॅलॉक्सोन हे औषध त्या कुलपांतून अफूची किल्ली ढकलून बाहेर काढते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. निळा पडलेला माणूस त्याच्यामुळे डोळे उघडतो. मात्र नॅलॉक्सोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि विष त्याहून अधिक काळ टिकू शकते. नायटाझीनसारख्या द्रव्यास उताऱ्याच्या अनेक मात्रा लागू शकतात. म्हणून शुद्धीवर आला तरी त्याला लगेच घरी आणू नये. इस्पितळात देखरेखीखाली राहू द्यावे.

हे सारे करण्याच्या आड येते ती लाज, आणि लाजेच्या पाठीशी पोलिसांची भीती. या दोहोंनी जितके जीव घेतले असतील तितके रसायनानेही घेतले नसतील. व्यसन हा मेंदूचा आजार आहे आणि त्यास उपचार आहेत. ब्युप्रेनॉर्फीन किंवा मेथाडोन या औषधांच्या मोजक्या, देखरेखीखालील मात्रेने शरीराचे हाल थांबतात, मन ताळ्यावर येते आणि माणूस कामधंद्यास लागतो. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यातही, स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी मनुष्य आपण होऊन उपचार घेण्यास पुढे आला तर त्यास खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे. विकणारा आणि बळी पडलेला यांत कायद्याने फरक केला आहे; समाजानेही तो करावा. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांत मानसोपचाराची सोय आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, पुण्यात मुक्तांगण आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

शाळांतून तंबाखूचे दुष्परिणाम शिकविले जातात, ते योग्यच आहे. परंतु मुलांना केवळ ‘वाईट, वाईट’ म्हणून भागत नाही. त्यांना कारण हवे असते. दोन मिलिग्रॅम म्हणजे किती, हे विज्ञानाच्या तासाला तराजू मांडून दाखविता येईल. श्वासाचे ठाणे कोठे असते, हे फळ्यावर काढता येईल. मित्र बेशुद्ध पडला तर पळून न जाता त्याला कुशीवर कसे वळवावे, हे कवायतीच्या तासाला दहा मिनिटांत शिकविता येईल. ज्या पोराला हे येते, ते पोर एखादे दिवशी कोणाचा तरी जीव वाचवील.

आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी एवढेच. रात्री कोणी नेहमीपेक्षा वेगळे घोरू लागला, तर दिवा लावावा, जवळ जावे आणि नाव घेऊन मोठ्याने हाक मारावी. तो कुरकुरत कूस बदलील तर काहीच बिघडले नाही. पांघरूण सारखे करावे आणि आपणही निजावे. तो उत्तर देणार नाही, तर लाजेचा विचार त्या क्षणी दाराबाहेर ठेवावा आणि फोनकडे हात न्यावा.